नडगीविषयी एक दुरुस्ती

नांदेड, इस्पितळ, खाट क्रमांक नऊ

सौभाग्यवती स्वरूपादेवींस, एक अंग जायबंदी असल्यामुळे, सप्तांग नमस्कार.

फोनवर सारे सांगवत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. इथल्या कामावर शिडीवरून पडून मोडलेली माझी नडगी जुळली आहे. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. अस्थी म्हणजे आपला ऊसच: बाहेर कठीण कांडे, आत जाळी, जाळीत मज्जा. मोडलेला ऊस मात्र जुळत नाही. आई "हाड बसलं न्हवं?" म्हणून विचारते, तिला हे सांग.

व्यायाम शिकवणारी मुलगी रोज दटावते, "काका, हाड जिवंत असतं. भार पडला तरच घट्ट होतं, झोपून राहिलात तर झिजेल."

मी म्हणालो, "या देहाचा भार वालचंदनगरच्या कारखान्याने पंचवीस वर्षे वाहिला; अस्थीने किंचित विश्रांती घ्यावी." ती हसली नाही.

श्रेया लेकीची परीक्षा कशी झाली? स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो का?

दारापर्यंत चालतो, असे तुला दोनदा सांगितले, ते असत्य होते. पाऊल भूमीस टेकताच धैर्य गळते आणि मी पुन्हा खाटेवर कुशी बदलत राहतो. तू ये. पहिल्या दिवशी निम्मा भार तुझ्या खांद्यावर टाकीन, निम्मा हाडावर.

तुझा शय्याधीन,
दत्तात्रय