पाचव्या कडव्यात लागलेला पास्ता

परममित्र कुजबुज्या यास,

साष्टांग नमस्कार घालायला माझी ना नव्हती, पण एकदा आडवा झालो की उठवायला कोणी येईपर्यंत टपालाची वेळ टळेल, म्हणून उभ्यानेच हात जोडतो. तुझे गुडघे कसे आहेत, आणि तू ज्याच्याकडे राहतोस तो भाचा कसा आहे? (दोघेही वाकायला तयार नाहीत, असं मागच्या पत्रात लिहिलं होतंस.) माझी तब्येत ठणठणीत. डोक्याबद्दल मात्र घरात दोन मतं पडली आहेत, तीच हकिगत कळवतो.

मागे एकदा दूध गॅसवर ठेवून मी खिडकीशी गेलो. समोरच्या बेकरीच्या धुराड्यावर संध्याकाळचं ऊन पडलं की मला पुढचं-मागचं काही सुचत नाही, हे तुला ठाऊक आहे. पातेलं काळं ठिक्कर पडल्याचं शेजारच्या निवृत्त नर्सबाईंनी दार ठोठावून मला कळवलं. झालं! चिरंजीवांनी फर्मान काढलं, हे घर भाड्याने देऊ आणि बाबा आमच्याकडे येतील. त्यांच्याकडे म्हणजे इस्त्रीचं टेबल आणि व्यायामाची सायकल यांच्या मधे. (त्या खोलीला खिडकी आहे, पण ती दुसऱ्या खिडकीकडे बघते.) मी म्हटलं, एक संधी द्या. नातीसकट तुम्हा तिघांना माझ्या हातचं रात्रीचं जेवण घालतो, जमलं तर इथेच राहणार. सूनबाई साबणाच्या कारखान्यात माल तपासून पास-नापास करतात, तेव्हा परीक्षेचं नाव काढताच त्या खुलल्या. अट एकच, बाहेरून काही मागवायचं नाही.

मी पास्ता निवडला, कारण तो स्वस्त, झटपट, आणि पाकिटाच्या पाठीवर लिहिलं होतं की सगळं एकाच पॅनमध्ये होतं. कांदा, लसूण, टोमॅटो, कोरडा पास्ता, मीठ, तेल, पाणी, सगळे एकदमच आत. मला आपली शाळाच आठवली रे. एक खोली, चार इयत्ता, एक गुरुजी आणि वर झाकण. (टोमॅटो म्हणजे तू. पहिल्या चटक्यालाच मऊ.) पास्त्याच्या लांब काड्या मागच्या बाकावरच्या टग्यांसारख्या पाय बाहेर काढून बसल्या होत्या, त्याही ऊब लागल्यावर निमूट आत सरकल्या.

प्रश्न उरला वेळेचा. स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा सेल मी रेडिओत घातला आहे. पण माझं अंडं कधी चुकत नाही, कारण ते मी कवितेवर उकडतो. ती मेंढपाळाची, ‘सांज उतरली माळावरती, एक कोकरू नाही’. सातही कडवी गुरुजींच्या चालीत म्हटली की अंडं तयार. पास्त्याला तीच कविता दोनदा, असा साधा हिशेब मी केला.

पहिली फेरी बिनचूक झाली. दुसऱ्या फेरीत मेंढपाळ कंदील घेऊन ओढ्यापाशी आला, आणि पाचवं कडवं गायब. कोकरासारखंच. गुरुजींचा नियम तू विसरला नसशील, अडलात की पहिल्यापासून. मी पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा ओढा, पुन्हा मी काठावर. परत पहिल्यापासून. तो बिचारा म्हातारा किती वेळा घरून निघाला त्याला गणती नाही, आणि तेवढ्यात पॅनमधलं पाणीही निघून गेलं. शेवटी जुन्या सवयीने मी मान मागे वळवली, की मागच्या बाकावरून तू कुजबुजशील. मागे सूनबाई उभ्या होत्या. (किल्ली त्यांच्याकडेही असते. कधीपासून उभ्या होत्या, देव जाणे.)

“बाबा, कोणाशी बोलताय?”

“मेंढपाळाशी,” मी म्हणालो.

याहून बरं उत्तर देता आलं असतं, असं आता वाटतं.

पॅन उलटा केला तेव्हा पास्ता पडला नाही, उतरला. अखंड, पॅनच्या आकाराचा, बुडाला खरपूस. चिरंजीवांनी सुरीने त्याच्या फोडी केल्या. नातीने कोपऱ्याची फोड मागितली (गोल वस्तूला कोपरा नसतो, हा धडा तिचा अजून व्हायचा आहे), आणि खालच्या खरवडीवरून बापलेकीत जुंपली. सूनबाईंनी दोनदा वाढून घेतलं, दुसऱ्यांदा कोणी बघत नाही असं बघून. मग हात पुसत त्यांनी निकाल दिला, “बाबा, माल पास आहे. पण कारखाना बंद करावा लागेल.”

चिरंजीव ताटात बघून हसले. मी खिडकीकडे बघितलं.

पुढे थोडी बोलाचाली झाली, ती लिहून तुझा वेळ घेत नाही. सध्या मी इथेच आहे. तुझ्याकडे काम एवढंच, की पाचवं कडवं उलट टपाली पाठव. बाकी माझं काही मागणं नाही.

तुझा,
पुढच्या बाकावरचा ठोंब्या

ता. क. बोलाचाली अशी झाली, की सूनबाई म्हणाल्या, तुम्हाला एकटं ठेवणार नाही. मी म्हटलं, एकटा कुठे, माझा मित्र कायमचा राहायला येतोय. कधी, असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून शनिवार निघून गेला. शनिवारी त्या तपासणीला येणार आहेत.

आणखी ता. क. तुझे गुडघे मी फार वाखाणले आहेत, जिना चढताना माझी लाज राख. तुला स्वयंपाक उत्तम येतो, हेही सांगून बसलोय. (तुझ्या हातचं अंडं मी खाल्लेलं आहे, त्यामुळे ही थाप मला जड गेली.) खिडकीकडची खाट तुझी. भाच्याला सांग, चार दिवस जाऊन येतो. त्याला आपलं हळूहळू कळेल.

शेवटचं. कडवं टपालाने पाठवू नकोस. घेऊनच ये. मी गॅसपाशी उभा राहतो, तू मागे बस.