खुर्च्यांना शोभेल असं टेबल

गंगाखेड
६ जानेवारी २०२५

ती. मनिषाताईस,
धाकट्याचा जयभीम वि. वि. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिची तब्येत बरी आहे. जीभ तर आधीपेक्षा जोरात चालायलीय. फोनवर तिला ऐकू येत नाही आणि तुझं पत्र आलं की पुन्हा पुन्हा वाचून घेते, म्हणून हा कागदाचा खटाटोप. तू लिहिशील ते मलाच मोठ्यानं वाचावं लागतं, तेव्हा जरा जपून लिही.

डॉक्टरांनी तिला खाली बसायला कायमचं बंद केलंय. म्हणजे जेवायला टेबल पाहिजे. खुर्च्या तर घरात आहेतच, सिताराम आजोबांच्या चार, सागवानी, वेताच्या. हल्ली असल्या खुर्च्यांना विंटेज म्हणतात. त्यांना शोभेल असं टेबल मिळावं म्हणून मी परभणीतली दुकानं पालथी घातली. एकाकडे काचेचं, त्यावर जेवायचं म्हणजे स्वतःचे पाय बघत जेवायचं. एकाकडे संगमरवर म्हणून प्लास्टिक. त्यात आपल्या खुर्च्यांना हात, ते कुठल्याच टेबलाखाली जाईनात. आई सध्या शिलाई मशीनवर ताट ठेवून जेवते. पायडलवर पाय पडला की ताट हलतं आणि वरण साडीवर.

पण आता ऐक. बन्सीधर वकिलांकडे जुन्या कचेरीतलं टेबल आहे. आपल्या खुर्च्याही त्याच कचेरीतल्या. तीच नक्षी, तसेच पाय, आणि खुर्चीचे हात बरोबर खाली जातात, मी मापून आलो. आणि वकीलसाहेब ते फुकट द्यायलेत! म्हणाले, की खुर्च्या आमच्या आजोबांनीच तुमच्या सितारामला दिल्या होत्या, आता टेबलही न्या, जोडी पुरी होऊ द्या. चहाच्या हॉटेलात चार लोकांसमोर बोलले. मनाचा मोठा माणूस! महिनाअखेर नागनाथच्या टेम्पोत टेबल येईल.

माझ्यावर माया आहेच तुझी, थोडी या टेबलावरही कर.
तुझा
सिद्धोधन


नागपूर
१४ जानेवारी २०२५

चि. सिद्धोधन यास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद, त्यातला एक खास अकलेसाठी. हे पत्र आईला एकही ओळ न गाळता वाचून दाखव.

बाबा रे, तू कॉलेजात इतिहास शिकवतोस ना? त्या पोरांचं भलं होवो. वकील चार लोकांत म्हणाले, खुर्च्या आम्ही दिल्या. आणि तू काय केलंस, तर मान डोलावून टेबलाचं माप घेऊन आलास. वा रे विंटेज!

आजोबा त्या कचेरीत शिपाई होते. जन्मभर त्या खुर्च्या पुसल्या, त्यांच्यामागं हात बांधून उभे राहिले, बसले एकदाही नाहीत. पुढं कचेरीत नवं सामान आलं आणि जुन्याचा हर्रास झाला. टेबलावर वकिलाच्या आजोबांनी बोली लावली, खुर्च्यांवर आपल्या. आपल्या आजोबांनी त्यासाठी दावणीची म्हैस विकली. आजीनं त्यापायी त्यांना मरेपर्यंत सुखानं जेवू दिलं नाही. घरात पोरांना दूध नाही आणि ह्यांना सायबाच्या खुर्च्या, हेच तिचं रोजचं गाणं. आता तूच सांग, फुकट आलेल्या खुर्च्यांपायी कुठली बाई जन्मभर नवऱ्याचं डोकं खाते? हे तुला ठाऊक नाही असं नाही. टेबल दिसलं आणि विसरलास.

आज टेबल फुकट घेतलंस की गाव म्हणणार, टेबल दिलं तशा खुर्च्याही दिल्याच असतील. आजोबा गेले, आजी गेली. सांगणारे उरलो आपण, आणि त्यातला एक सागवानाच्या फळीवर फितूर झाला. पैसे मोजून घ्यायचं तर घे, नाहीतर त्याला हात लावू नको. आईच्या गुडघ्याची काळजी मलाही आहे. पण तिला भिक्षेच्या टेबलावर जेवायला बसवू नको, एवढं ऐक माझं.

रागावले तरी तुझीच आहे, पत्राला उत्तर दे.
ताई


गंगाखेड
२२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
फुगून बसलेल्या भावाचा जयभीम. पत्र वाचलं. मोठ्यानं वाचलं. अकलेच्या आशीर्वादापर्यंत आलो तेव्हा सुजाता तोंडाला पदर लावून आत गेली, ती पत्र संपेपर्यंत बाहेर आली नाही. बायकोसमोर एवढी शोभा पुरे झाली.

तुझं बरोबर असेल. पण नागपुरात बसून बाणा दाखवणं सोपं आहे. इथं आई एका हातानं ताट धरून जेवते, ते मला दोन वेळा बघावं लागतं. आणि मी गेलो होतो वकिलांकडे किंमत विचारायला, विचारलंच नाही असं म्हणू नकोस. त्यांनी हसून माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, की तुम्हा लोकांकडून काय पैसे घ्यायचे. ते ऐकून मलाही टोचलं, खोटं कशाला बोलू. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? बोलतील आणि विसरतील. टेबल तर घरात राहील.

आईनं मात्र पत्र ऐकून ना तुला नावं ठेवली, ना मला. आपली आई! नुसतं एवढंच म्हणाली, की टेम्पो येईल त्या दिवशी वकिलांना जेवायला बोलव. मला आधी वाटलं, तिला टेबल पसंत पडलं. आता वाटायलंय, तसं नसावं.

या गरिबाची आठवण ठेव.
सिद्धोधन


गंगाखेड
३ फेब्रुवारी २०२५

माझी लाडाची मनिषा हिला,
आईचा जयभीम आन् लय लय आशीर्वाद. मी सांगायले आन् सिद्धोधन लिहायलाय. त्याच्याबद्दल जे बोलीन ते बी त्यालाच लिहावं लागंल, बरं हाय.

वकील आले. कडक इस्त्रीचा सदरा, मागं टेम्पोत टेबल. टेबल लय देखणं हाय बाई. माझा बी जीव जडला, लपवून काय करू? पण मी म्हणलं, उतरवू नका, आधी जेवून घ्या. वकिलाला माझ्या सासऱ्याच्या खुर्चीत बसवलं, म्होरं स्टुलावर ताट. नागनाथला बी त्यांच्याच शेजारी दुसऱ्या खुर्चीत बसवलं. भाकर, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. वकिलानं तारीफ केली. अर्धी भाकर झाली आन् खुर्चीच्या हातावरनं हात फिरवत म्हणाले, की आमच्या आज्याचं मनच मोठं, त्यांनी दिल्या म्हणून तुमच्या घरी हाईत.

मी म्हशीचं नाव काढलं न्हाई. वकील माणूस, म्हशीचा बी पुरावा मागंल. मी एवढंच इचारलं, की सायेब, चार खुर्च्या दिल्या म्हंजी माया लय असंल. देताना, बस बाबा, असं म्हणलेच असतील. तर तुमच्या आज्यानं माझ्या सासऱ्याला तुमच्या घरात ह्या चारातल्या कोणत्या खुर्चीवर बसवलं होतं, तेवढी दाखवा. तिला मी उद्यापासनं हार घालते.

वकिलानं पाण्याचा तांब्या उचलला. तुझा भाऊ त्यांना वाचवायला तोंड उघडायलाच होता. मी नुसतं बघितलं, मिटलं त्यानं. हितं लिहिता लिहिता थांबलाय, लिही म्हणलं.

मग मी म्हणलं, टेबल पसंत हाय, मोल सांगा. तर म्हणले, तुमच्याकडनं कसं घ्यायचं. मी म्हणलं, कुणाकडनं बी घेतात तसं घ्यायचं. त्यांनी सांगितलंच न्हाई. मी नागनाथला म्हणलं, बाबा, पोटभर जेव, हात धू, आन् टेबल जिथनं आणलं तिथं नेऊन टाक.

नेमका बाजाराचा दिवस. टेबल चारी पाय वर करून भर बाजारातनं माघारी गेलं. जो तो इचारायलाय, कारे, दिलेलं टेबल परत कसं? नागनाथच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, तुला ठाऊक हाय. त्यानं जागोजागी टेम्पो थांबवून सगळं सांगितलं, माझा सवाल बी. सांजच्याला दोघातिघांनी वकिलालाच गाठून इचारलं म्हणं, कोणती हो ती खुर्ची?

मनिषे, तो सवाल मला त्या दिवशी सुचलेला न्हाई. नवी नवरी होते तवा एकदा निरोप सांगायला वकिलाच्या दारात गेले. माझा सासरा त्यांच्या पायरीखाली चपला काढून उभा. घरात चार खुर्च्या असलेला माणूस, तिथं उभाच. लय रडू आलं होतं मला. सवाल तवाच व्हटावर आला होता, गिळला. तवा इचारला असता तर आमाला गाव सोडावं लागलं असतं. ह्या वेळंला अर्धं ताट सोडून वकील उठला.

मायेनं आठवण काढत जा, चारदोन दिसाला दोन ओळी लिही.
तुझी आई
चांगुणाबाई