आवाज न करणारं मशीन

अब्बा, काल आमच्याकडे नवं मशीन सुरू झालं आणि सवयीप्रमाणे मी त्याला कान लावला. हाताखालची पोरं हसली. हसू देत. शेलार गावातल्या आपल्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात वाढलेली मुलगी आवाज ऐकल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही, हे त्यांना काय ठाऊक. तुम्ही तर जेवताना एक लूम थांबला तरी घास ताटात ठेवून उठायचात.

आमच्या पहिल्या मशीनच्या वेळचं आठवतं? परदेशातला अवाढव्य संगणक परवडणारा नाही, म्हणून साधे, स्वस्त प्रोसेसर एकत्र जोडायचे आणि एकच मोठं गणित सगळ्यांत वाटून द्यायचं, हे आमचं काम मी चुलीपाशी बसून सांगितलं तेव्हा तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे आपलाच धंदा." मुंबईच्या मिलने भंगारात काढलेले लूम आणूनच तुम्ही कारखाना उभा केला होता ना. तरी अट घातलीतच: मशीन चाललं तर पुण्यात राहायचं, नाहीतर घरी येऊन कारखाना बघायचा.

मग एक दिवस तुम्ही बघायला आलात. इस्त्रीचा कुर्ता, हातात अम्मीने केलेल्या तांदळाच्या गोड सांदणांचा डबा. मशीनच्या कपाटासमोर उभे राहता, कान देता, आणि तुमचा चेहरा उतरतो.

"बंद हाय ना?" तुम्ही हळूच विचारता.

"चालू आहे, अब्बा."

"उगाच माजी समजूत नको घालू, बेटा. नवा लूम पन पयल्या दिवशी रुसतो. ईदपर्यंत बघ. न्हाय चालला तर चल घरी."

मला हसूही आवरेना आणि धडकीही भरली. तुम्ही गेल्यावर मी मशीनला एक छोटा स्पीकर जोडला. कुठल्याही प्रोसेसरने आपला वाटा संपवला की खट. सगळे कामाला लागले की नुसती खटखट. सोबतचे वैतागले. ईदच्या आधी तुम्ही पुन्हा सांदणांचा डबा घेऊन आलात, डोळे मिटून ऐकलंत आणि कारखान्यात बोलायचात तसे मोठ्याने ओरडलात, "चालतोय. ऱ्हा इथंच." शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. त्या दिवशी इतकी खूश होते की सांदणं मी कुणालाच दिली नाहीत.

तुम्ही आता या जगात नाही, मग हे पत्र कुठे टाकणार? माझ्या कपड्यांच्या कपाटातच राहील. एक मात्र सांगायचं राहिलं. तो स्पीकर बिघाड शोधायला लावलाय, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. गणिताला त्याची काडीचीही गरज नव्हती, अब्बा. तो फक्त तुमच्या कानांसाठी होता.