बेल डोंगरावर जाताना बरोबर काय न्यावं

नॉर्थ हॅलो, न्यू हॅम्पशायर
२८ सप्टेंबर

प्रिय कोरिन,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, त्याला तब्येतीचं कारण नाही. मी बरी आहे, म्हणजे उठते, जेवते, कुत्र्याला फिरवून आणते. मेपलची पानं यंदा लवकर लाल झाली. ती बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता भरून गेलाय आणि बेकरीत सकाळचा पाव मिळेनासा झालाय. तुझी नोकरी ठीक चालली असेल. तुझा भाऊ नोएलही बरा असेल.

बेल डोंगरावर एका दिवसात जाऊन यायचं तर बरोबर काय न्यावं, असं तू विचारलंयस. हे तुला कुठल्याही दुकानात सांगितलं असतं. पण मला विचारलंस, तर माझा एल्डन सांगायचा तसंच सांगते.

जीन्स घालू नकोस. सुती काहीच नको, आतले कपडेसुद्धा नकोत. सुती कापड घामानं भिजलं की वाळत नाही आणि वर वारा सुटला की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. लोकरीचा सदरा घाल. पिशवीत एक जाड स्वेटर ठेव, पावसाचं जाकीट ठेव, पावसाची विजारही ठेव. खाली ऊन असेल, पार्किंगमध्ये लोक अर्ध्या चड्डीत हिंडत असतील, तुला उगाच ओझं वाटेल. तरी ने. झाडं संपतात तिथून पुढे ऑक्टोबर नसतो, जानेवारी असतो. टोपी, हातमोजे आणि पायमोज्यांचा जादा जोड विसरू नकोस.

डोक्याला बांधायचा दिवा ने, सकाळी निघणार असलीस तरी. फोनवर विसंबू नकोस, थंडीत त्याची बॅटरी बघता बघता मरते. कागदी नकाशा घे आणि तो वाचायला आधी शीक. एक शिट्टी घे. माणसाचा आवाज वाऱ्यात दहा पावलांवर विरतो, शिट्टी लांब जाते. पाणी भरपूर, आणि खाणं वाटतं त्याच्या दुप्पट. एल्डन पीनट बटरची सँडविचं न्यायचा, चीजचा एक तुकडा आणि थर्मासमध्ये मटारचं सूप. मी चिडवायची, "अरे, डोंगर चढायला चाललायस की वर संसार थाटायला?" तो म्हणायचा, "लोइस, हे सगळं माझ्यासाठी नसतं गं. वर कुणी ना कुणी विसरून आलेलं असतंच."

इथेच पत्र संपवता आलं असतं. काल संपवलंही होतं. पाकीट चिकटवायला घेतलं आणि पत्र पुन्हा बाहेर काढलं.

शोधपथकाचा ड्वाइट आमचा शेजारी आहे. त्यानं मला सगळं सांगितलंय. तू पत्रात लिहिलं नाहीस तेही.

गेल्या वर्षी त्या दिवशी तू जीन्स आणि कापडी बुटांत वर गेलीस. वाटेत नोएलशी तुझं वाजलं, तू रागानं पुढे निघालीस, तो मागे राहिला. माथ्याजवळ आधी धुकं आलं, मग बर्फाचे कण. एल्डनला तू एका खडकाच्या आडोशाला सापडलीस. त्यानं अंगावरचं जाकीट काढून तुला चढवलं, स्वेटर दिला, टोपी दिली, सूप पाजलं आणि हात धरून तुला झाडांपर्यंत खाली आणलं. तिथून वाट सोपी होती. आणि तिथे तू त्याला म्हणालीस, "माझा भाऊ वर आहे."

तुला खरंच तसं वाटत होतं. ड्वाइट पुन्हा पुन्हा हे सांगतो आणि मला पटतं. एल्डननं दिवा तुझ्या डोक्याला बांधला, तुला खालची वाट दाखवली आणि तो परत वर गेला. नोएल त्या वेळी पायथ्याशी गाडीत हीटर लावून बसला होता. दुसऱ्या वाटेनं तो केव्हाच उतरला होता.

एल्डन दुसऱ्या दिवशी माथ्याच्या पलीकडे सापडला. शिट्टी मुठीत होती. जो तिथे नव्हताच, त्याला तो अंधार पडेपर्यंत हाका मारत फिरला असणार.

लोक मला सांगतात की तो फार मोठ्या मनाचा होता, जाता जाता एक जीव वाचवून गेला. चर्चमध्ये सांगतात, किराणा दुकानात सांगतात. मी मान डोलावते. मला त्याचं मोठं मन नको होतं गं. मला तो हवा होता. टेबलाशी बसून रेडिओवरच्या बातम्यांशी भांडणारा, सगळी कॉफी एकटाच संपवणारा.

मी तुला माफ केलंय का, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या प्रत्येक ओळीखाली तेच आहे. माफ करायचं तर आधी तुझी चूक सापडायला हवी. मी वर्षभर शोधली. तुला थंडी वाजत होती आणि भावाची काळजी लागली होती, एवढंच हाती येतं. तुझ्यावर धड रागावता येत नाही. आणि राग नसला तर सकाळी अंथरुणातून उठायचं कशाच्या बळावर, ते मला कळत नाही.

तुझ्याबरोबर वर येईन का, असं विचारलंयस. येणार नाही. गुडघे ठीक आहेत माझे. ती जागा मी पाहिलेली नाही आणि पाहणार नाही.

कधी निघणार, कुठल्या वाटेनं उतरणार, हे कुणाला तरी कळवून जा. एल्डन म्हणायचा, हेही सामानातच धरायचं. दुसरं कुणी नसेल तर मला कळव. मी पायथ्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावून बसेन. तुझ्यावरच्या मायेनं नव्हे, खोटं कशाला लिहू. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या ढगांकडे बघत बसणं मला पुन्हा जमायचं नाही. तू झाडांतून बाहेर आलेली दिसलीस की मी निघून जाईन. हात करू नकोस. गाडीजवळ येऊ नकोस.

आणि ढग खाली उतरू लागले तर माथा सोड आणि परत फीर. वर तुझी वाट बघणारं कुणी नाही. कुणी असतं, तर मीच केव्हाच गेले असते.

एल्डनची,
लोइस