रफू केलेला डगला

सिंदेवाही,
शुक्रवार

प्रिय दिव्या,

शेजारचा प्रफुल उद्या सकाळच्या बसने नागपूरला येतो आहे. त्याच्याजवळ तुझा डगला देते आहे. रविवारच्या वेशभूषेच्या स्पर्धेत तो घालता येईल की नाही, हे मला सांगता येत नाही. म्हणून पुडकं सोडण्याआधी हे वाच.

सोड्यात धुऊन, अकरा ठिकाणी रफू करून, वर इस्त्री मारून मी तो खुंटीवर लावला, तेव्हा तुझे बाबा हसले होते. "रंभा, तुझा शिपाई तं लगनाले निंगाला!" हा डगला घालणारा म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा किल्ल्यावरचा पहारेकरी, हरलेल्या लढाईतून घरी परतलेला, असं तू त्यांना समजावून सांगितलं होतंस. मला सांगितलं नाहीस, कारण मी विचारलं नाही. वर्षभर दर शनिवारी येऊन तू मशीनवर बसायचीस. आधी तो कळ्यांचा अंगरखा झाला, मग फोमची शिंगं असलेली त्या गेममधली राणी, आणि दिवाळीनंतर हा डगला. मी दारातून एवढंच म्हणायची, की एम.एस्सी. झालेल्या मुलीने सोंगं शिवत बसू नये. धुतल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. गेल्या शनिवारी तू आलीही नाहीस.

फोनच्या दुसऱ्या दिवशी सोमारी नेहमीसारखी मोहफुलं विकायला आली. डगला बघून ती पडवीत बसलीच. "बाई, सोड्यात घातलं काऊन? हा मळ नोहे. हिरड्याचं पाणी होय. पोरगी माह्याजवळून हिरडे घेऊन गेली होती, चार खेपा." हिरड्याच्या काढ्यात गंजलेले खिळे टाकून तू ते कापड किती वेळा बुडवलंस, कोणता भाग उन्हात ठेवलास, कोणता सावलीत, हे सगळं तिला तोंडपाठ. जंगलातून डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या बाईला माहीत, आणि त्याच घरात राहून मला नाही.

मग मी माझंच रफू उसवायला घेतलं. भिंग लावून, तुझ्या छोट्या कात्रीने. पहिलं भोक उघडं झालं आणि हात थांबला. फाटलेल्या कडेभोवती केसाएवढे टाके होते. फाटलेलं आणखी फाटू नये म्हणून तू ते शिवून ठेवलं होतंस. अकराही ठिकाणी तसंच. तेहतीस वर्षं मी वह्या तपासल्या आहेत, चूक शोधायची सवय सुटत नाही. डगला उलटा केला. आतली शिवण बाहेरच्यापेक्षा नीट. डावा खांदा मागून झिजवलेला, कारण तो माणूस भिंतीला टेकून उभा राहतो. उजव्या बाहीची कड विरलेली, कारण भाला त्या हातात. हे मला कोणी सांगितलं नाही गं, कापडावर दिसत होतं. आणि छातीच्या आत, एकाही परीक्षकाला दिसणार नाही अशा जागी, दोन बोटं मावतील एवढा खिसा. त्यात धानाचे सहा दाणे, माझ्या धुण्यात फुगलेले. घरचं धान खिशात घालून गेला होता तो! ज्या कामाला गुण नाहीत, ते इतकं मन लावून करणारं माणूस मी वर्गात कधी पाहिलं नव्हतं.

आठ दिवस गेले. सोमारी हिरडे उकळायची, मी कापड बुडवायची, आणि ती मला रागवायची. "हळू ना बाई, चादर नोहे ते!" रंग बराचसा आला. उजवी बाही मात्र निळसर राहिली, ती मला साधली नाही. दाणे वाळवून परत खिशात ठेवले आहेत.

आता जे सांगायला हे लिहिते आहे ते. चिंधी समजून धुतला, असं मी फोनवर म्हणाले. ते खोटं आहे. त्या रविवारी, रंग मुरायला डगला पडवीत टांगून तू निघालीस आणि बसमधून मला त्याचा फोटो पाठवलास. खाली लिहिलं होतंस, "आई, वर्षाचं काम पूर्ण झालं." मी तो पाहिला. उत्तर दिलं नाही. बुधवारी रंजीताआत्या यायची होती, तिच्यासमोर माझ्या मुलीचं ते लक्तर नको, म्हणून मी मंगळवारी तो सोड्यात घातला. काय घालते आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. खोटं बोलणाऱ्या मुलींना मी काय शिक्षा द्यायची, तुला माहीत आहे. रविवारी पहिल्या बसने मी नागपूरला येते आहे. सभागृहाच्या दाराबाहेर उभी राहीन. आत बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
आई