चिक्कडपल्लीहून आणलेला पोपट

नाना, मागच्या महिन्यात मी एका पोपटासाठी पेटी बनवली. तिच्यातली एक गोष्ट तुमची आहे, ती तुमच्या कानावर घालावी म्हणून लिहायला बसलो.

पोपट ताईचा. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी भावोजींनी आणलेला. राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा, आफ्रिकेकडच्या जातीचा. आपला हिरवा पोपट पाळायला कायद्याची मनाई आहे, या परदेशी पोपटाची मात्र रीतसर नोंद आहे. कागद मी स्वतः वाचले. आता भावोजीही नाहीत आणि ताई कायमची लेकाकडे पुण्याला निघाली. तिथे सुनेला पिसांची अ‍ॅलर्जी. मी म्हणालो, मी नेतो. ताई गेली की चिक्कडपल्लीच्या तिच्या घरात आपलं कोणी उरणार नव्हतं. त्या घरातलं बोलणारं एक तरी कोणी माझ्याकडे यावं असं फार वाटत होतं. ताईने अट घातली. "ने की रे. पण तो आपल्या पायांनी पेटीत शिरला तरच. टॉवेलात धरून कोंबायचं नक्को. ह्यांनी एकदा तसं केलं, तर कितीतरी दिवस स्वतःची पिसं उपटत बसला होता. नाहीतर वरच्या मजल्यावरच्या बाई तयारच आहेत. त्यांना पेटीबिटी काही लागत नाही, पिंजरा उचलला की जिना चढल्या."

मोठा पिंजरा हैदराबादच्या रस्त्यांवरून माझ्या दिलसुखनगरच्या घरापर्यंत न्यायचा म्हणजे धोका. ब्रेक लागला की आतला झोपाळा, वाट्या, घंटी, सगळं पोपटाच्याच अंगावर. म्हणून बाजारात पेट्या बघितल्या. पक्ष्यांच्या दुकानात गोल पिंजरा दाखवला. त्याच्या तारेवर जस्ताचा मुलामा, आणि पोपट तर दिसेल ते चावणार, म्हणजे विष पोटात. दुसऱ्या पिंजऱ्याच्या गजांतून त्याचं डोकं बाहेर येऊन अडकलं असतं. जाळीची कापडी पिशवी तर या चोचीपुढे दोन मिनिटांत फाटली असती. दुकानदार वैतागला. "साब, तोता ले जारे की कोहिनूर?" मी म्हटलं, "कोहिनूर चोच नहीं मारता." घरी आलो आणि स्वतःच करायला घेतली. तुम्हाला माहीत आहे, मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही. पण शोकेस असो की देवघर, आज लोक लांबून माझ्याकडे येतात. अ‍ॅक्रिलिक कापणं, त्याच्या कडा काचेसारख्या करणं, हे सगळं माझं मी शिकलो.

पेटी खरंच देखणी झाली, नाना. चारही बाजू पारदर्शक, हवेची भोकं आतून घासून गुळगुळीत. बसायला पेरूची खडबडीत फांदी, तीही तळापासून जेमतेम चार बोटं वर आणि दोन्ही टोकांना बोल्टने आवळलेली, म्हणजे धक्का बसला तरी पडणार किती? तळाला जुना टॉवेल ताणून लावला, पाय घसरू नये म्हणून. पाण्याची वाटी मुद्दाम ठेवली नाही, ती सांडते. त्याऐवजी काकडीची फोड. कडी अशी की चोचीने उघडता येऊ नये. पोपटाला वाटेत सगळं हैदराबाद दिसेल, असं मी बायकोला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "त्याने मागितलंय का बघायला?"

ताईच्या दिवाणखान्यात पेटी ठेवली, दार उघडलं, आत त्याचा लाडका शेंगदाणा. तो आला, उंबऱ्याशी थांबला, मान वाकडी करून चारी बाजूंनी बघितलं आणि उलट्या पावलांनी मागे गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ताईने त्याला लाडीगोडी लावून आत पाऊल टाकायला लावलं, तोच बाहेर मांजर गेली आणि तो असा फडफडला की तो, ताई आणि मी, तिघंही घाबरलो. "राहू दे रे," ताई म्हणाली, "पेटी छान आहे. पण त्याच्यासाठी नाही. मी वरच्या बाईंना सांगते." मी परवापर्यंत थांब म्हणालो.

त्या संध्याकाळी मला तुमचा स्वयंपाकघरातला आवाज आठवला. मी सोळा-सतरा वर्षांचा. आईच्या डब्यांसाठी मी पहिली फळी ठोकलेली आहे, पाणसळ लावून, केसभरही कलती नाही, आणि मी कौतुकाची वाट बघत उभा आहे. तुम्ही ऑफिसातून येऊन चहाचा कप हातात घेऊन बघता आहात. आई टाचा उंचावते, तरी तिचा हात पोचत नाही. तुम्ही म्हणता, "छान. माप भिंतीचं घेतलंस. हिचं घ्यायचं राहिलं." मी तेव्हा रागावून जेवलो नव्हतो. आताही पंखांचं माप घेतलं होतं, शेपटीचं घेतलं होतं. पोपटाला काय वाटेल याचं घेतलं नव्हतं.

आणि मग धूळपेठ आठवली. दर वर्षी आपण तिथून गणपती आणायचो. सायकलरिक्षात तुमच्या मांडीवर पाट, मूर्तीचं तोंड तुमच्याकडे आणि त्यावर तुमचा धुतलेला पांढरा रुमाल. अफझलगंजला रिक्षा आदळली की तुम्ही हलक्या आवाजात "मोरया" म्हणायचात. मी विचारलं होतं, "नाना, रुमाल कशाला?" तुम्ही अगदी गंभीरपणे सांगितलंत, "इथले खड्डे बघितले तर देव वाटेतूनच परत फिरेल. एकदा घरी पोचला की त्याचा इलाज नसतो." रिक्षावालाही हसला होता.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या त्या चकाकत्या पेटीला तीन बाजूंनी जाड सुती कापड लावलं. हात धजत नव्हता, खरं सांगतो. इतक्या सुंदर कडा झाकायच्या! समोरची बाजू तेवढी मोकळी, तिच्यावर वरून सोडायला पडदा. ताईकडे दार उघडून ठेवलं आणि आम्ही चहा घेत बसलो, तिकडे बघायचंच नाही असं ठरवून. थोड्या वेळाने शेंगदाणा फुटल्याचा आवाज आला. पोपट आत, फांदीवर, कापडाला पाठ टेकल्यासारखा बसलेला. ताईने डोळे पुसले आणि लगेच मला टोमणा मारला, "पडदा लावायला एवढे दिवस लागले होय तुला?"

टॅक्सीत पेटी मागच्या सीटवर पट्ट्याने बांधली, पडदा सोडला, शेजारी मी. "भाई, आहिस्ता," मी तिसऱ्यांदा म्हणालो, तेव्हा ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, "अंदर दुल्हन है क्या साब? परदा डालको ले जारे." मला हसू आलं नाही. तेवढ्यात गाडी खड्ड्यात गेली, पेटी हादरली, आतून काहीच आवाज येईना आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मोरया." मग प्रत्येक खड्ड्याला. खड्डे किती ते तुम्हाला सांगायला नको. घराच्या दारात बायकोने भाकरतुकडा ओवाळला, मीही नाही म्हणालो नाही. पडदा वर केला तर महाराज काकडी खात होते.

आता तो मजेत आहे. डॉक्टरकडे न्यायचं असेल, गच्चीत उन्हाला न्यायचं असेल, पडदा दिसला की आपणहून पेटीत शिरतो. ती उचलताना ओठांतल्या ओठांत माझं तेच "मोरया"चं पालुपद असतं. मला आजवर वाटायचं, तुमचं ते "मोरया" म्हणजे भक्ती. मांडीवर मातीची मूर्ती आणि खाली तो रस्ता, तुम्हालाही माझ्याइतकीच धास्ती असणार, हे आत्ता कळलं.

परवा स्वयंपाकघरात कढई पडली आणि पिंजऱ्यातून घोगरा आवाज आला, "मोरया!" बायको हसत हसत बाहेर आली. "अहो, हे कुणी शिकवलं त्याला?"

"ताईने," मी म्हणालो.

ताईने नाही शिकवलं, नाना.