पत्त्याशिवाय पोचलेलं टपाल

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण तुझ्यासाठी कंबरेच्या हाडातला मगज जिथून काढला ती जागा अजून वाकू देत नाही, तेव्हा उभ्यानेच मानून घे. तब्येत विचारत नाही. ती मला तुझ्याआधी कळते. तोंडातल्या फोडांमुळे तुला सध्या बोलता येत नाही असं सिस्टर म्हणाल्या. वाईट वाटलं. (पण मध्येच न तोडता तू माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकण्याचा हा चाळीस वर्षांतला पहिलाच योग आहे, तो मी सोडणार नाही.) पत्र प्लास्टिकच्या पाकिटात येईल. जंतू नकोत, म्हणून बाहेर काढू नकोस, आरपार वाच.

तुझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फिरल्या, राखणदारच घरात दंगा करू लागले, म्हणून डॉक्टरांनी त्या औषधाने संपवल्या आणि माझ्या पेशींसाठी जागा केली, हे तुला ठाऊक आहे. पण माझी पिशवी आली तेव्हा तू झोपला होतास. भूल उतरल्यावर मला पडून राहायला सांगितलं होतं. आता सव्वीस वर्षं दारोदार पत्रं वाटणारी बाई मी, माझं टपाल दुसऱ्याने पोचवलेलं मला कसं चालेल? उठले, मागून उघडा राहणारा तो झगा एका हाताने आवळून धरला आणि निघाले. भिंतीवर बाण होते, मजल्यांचे आकडे होते, तरी आधी पोचले ती धुलाईच्या खोलीत, आणि तिथून बाळंतिणींच्या वॉर्डात. (एका आजींनी माझं अभिनंदन करून मुलगा की मुलगी विचारलं. मी म्हटलं, भाऊ.) तुझ्या खोलीच्या काचेपाशी आले तोवर पिशवी संपत आली होती आणि नळी होती तुझ्या दंडात. मी डॉक्टरीणबाईंवर उखडलेच, की काढलंत हाडातून आणि घालताय शिरेत? त्या शांतपणे म्हणाल्या, "जातील त्या हाडात. आपल्या आपण." रस्ता दाखवणारं कोणी नाही. रक्तातून फिरता फिरता हाडाशी आल्या की जागा ओळखतात, आत शिरतात आणि कामाला लागतात. दादा, मी थक्क झाले. पिनकोड चुकला तर आमचं टपाल आठवडाभर भटकतं, आणि इथे पाकिटावर एक अक्षर नाही!

नंतर सतरा दिवस तुझ्या पांढऱ्या पेशींचा आकडा शून्य. रोज सकाळी मी खांद्यावरच्या टपालाच्या पिशवीसकट प्रयोगशाळेच्या खिडकीत. सगळ्यांना म्हणायचे, येतील हो. पण मनातून पार टरकले होते. माझ्याच पेशी त्या, बसल्या असतील कुठे तरी धुलाईत जाऊन. आज खिडकीतल्या मुलीने आकडा सांगितला नाही, आत बोलावून मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. तुझ्या रक्ताचा थेंब. फिकट लाल ठिपक्यांच्या गर्दीत एकच जांभळट पेशी, पोटात तीन गाठी. ही जंतू गिळते, म्हणाली, आणि एखाद्या दिवसात मरते, की मागून दुसरी येते. माझ्या घरची लेक, तुझ्या हाडात वाढलेली, तुझ्यासाठी मरायला निघालेली! मी तर तुला कधी पाण्याचा पेलासुद्धा आणून दिला नाही. मला रडूच फुटलं. मुलगी म्हणाली, "ताई, भिंगावर नको."

काही दिवस त्या तुझ्या अंगाशी भांडतील म्हणे, परकं घर समजून. औषधाने आवरतात. (माझ्याच त्या. ऐकून घ्यायची सवय कर.)

सख्खी होतेच, आता जरा जास्तच सख्खी,
तुझी धाकटी

ता. क. देणाऱ्याची अॅलर्जीसुद्धा कधी कधी पेशींबरोबर जाते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मांजर जवळ आलं की मी शिंकते, आणि तू जन्मभर त्याला नाटक म्हणत आलास. आगाऊ माफी.

आणखी एक ता. क. तुझी मांजरी शेजाऱ्यांकडे आहे हे मी खोटं सांगितलं. त्यांनी ती दुसऱ्याच दिवशी आणून दिली. तेव्हापासून ती माझ्या उशीवर आहे आणि माझे डोळे टोमॅटोसारखे. (पत्र ऑफिसात बसून लिहिलंय, धुतलेले कपडे घालून. घाबरू नकोस.) तेव्हा लवकर बरा हो, आणि डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी तिला घेऊन जा. तिला मांडीवर घेतल्यावर शिंक आली, तर लगेच कळव. आजवर लोकांच्या पोचपावत्या गोळा केल्या; स्वतःसाठी मला ही एवढी एकच हवी आहे.